पावसाळ्यात घरात येणारी बुरशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की मुंबई-ठाण्यापासून कोकण-गोव्यापर्यंत घरोघरी तीच तक्रार ऐकू येते. कपाट उघडलं की कुबट वास येतो, बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके पडलेत, गेल्या दिवाळीत दिलेल्या रंगाचे पोपडे सुटलेत. बुरशीला जगायला ओल लागते. ती ओल कायम ठेवून नुसता डाग पुसला तर महिनाभरात तो पुन्हा उमटतो. म्हणून खालच्या उत्तरांत आधी पाण्याचा शोध आहे आणि फडकं-साबण त्यानंतर.

भिंतीवर आलंय ती बुरशीच कशावरून? पांढरं पीठ सुटलंय, तीही बुरशीच का?

पांढरं पीठ बहुतेक वेळा लोणा असतो. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतात. हातमोजा घालून थोडं पीठ खरवडा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर लोणा. बुरशी विरघळत नाही, तिचा ओलसर लगदा होतो. लोण्याने माणूस आजारी पडत नाही, पण भिंतीच्या आतून पाणी फिरतंय हे तो सांगतो. त्या पाण्यावर पुढे बुरशी येणारच.

काळ्या ठिपक्यांबद्दल शंका असेल तर पातळ केलेल्या ब्लीचमध्ये कापसाचा बोळा बुडवून एका ठिपक्यावर टेकवा. मिनिटभरात रंग उडाला तर बहुधा बुरशी, नाही उडाला तर काजळी किंवा मळ. ठिपके दिसतच नसतील पण वास येत असेल, तर कपाटाची मागची बाजू, पलंगाचा बॉक्स, सिंकखालचं कपाट आणि पीओपीच्या छताची वरची बाजू आधी बघा.

दरवर्षी पुसतो, रंगही देतो. तरी त्याच जागी का येते?

कारण पाणी त्याच जागी येतं. ते कुठून येतं हे ओळखण्यावर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून या उत्तराला जरा जास्त वेळ द्या.

आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो. घराची पश्चिमेची किंवा दक्षिणेची बाहेरची भिंत आतून ओली असेल आणि पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी डाग फिका पडत असेल, तर बाहेरच्या गिलाव्याला बारीक भेगा आहेत किंवा खिडकीच्या चौकटीचा सांधा सुटलाय. कोकणात घराच्या त्या बाजूला झावळ्यांची झापं बांधतात, ती याच माऱ्यासाठी. डाग छताला असेल आणि वर गच्ची असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पाऊस असो वा नसो, बारा महिने ओल टिकत असेल आणि भिंतीपलीकडे मोरी किंवा संडास असेल, तर नळाची पाइपलाइन किंवा टाइल्सचे सांधे तपासा. तळमजल्यावर जमिनीपासून फूट-दोन फूट उंचीपर्यंतच ओल असेल तर ती जमिनीतून वर चढतेय. चिऱ्याच्या आणि जुन्या विटांच्या घरात हे फार दिसतं.

पाण्याचा पाचवा स्रोत मात्र कुणी मोजतच नाही. घरातली वाफ. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हाही पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत फक्त गॅस जळूनच साधारण २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात घरात येतं. भाताची, कुकरची, आंघोळीच्या गरम पाण्याची वाफ वेगळीच. वर पावसाळ्यात हॉलमध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातलेले असतात. पिळलेल्या बादलीभर कपड्यांतही लिटर-दीड लिटर पाणी सहज असतं, आणि ते सगळं हवेत जातं. ही वाफ सर्वांत थंड भिंतीवर, हवा न फिरणाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे बुरशी का येते याचं उत्तर इथे आहे.

पाणी भिंतीतून येतंय की खोलीतल्या हवेतून, हे घरच्या घरी कळतं. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, ओलीच्या जागेवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. तिथे गवंडी किंवा प्लंबरच हवा. खोलीकडच्या बाजूला दमटपणा जमला तर दोष हवेचा आहे. तो एक्झॉस्ट पंखा, कपाट सरकवणं, कपडे वाळवण्याची जागा बदलणं यांनी बराच सुटतो. रंगाऱ्याला बोलावण्याआधी ही चाचणी कराच.

करोनाच्या वेळी ऐकलेली 'काळी बुरशी' ती हीच का?

नाही. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' म्हणून जो आजार गाजला तो म्युकरमायकोसिस. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना त्याची नोंद सक्तीची करायला सांगितलं होतं. तो प्रामुख्याने आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइड्सचा भरपूर वापर अशा स्थितीतल्या रुग्णांना झाला. त्यात मेलेल्या ऊती काळ्या पडतात, म्हणून ते नाव रूढ झालं. भिंतीवर काळ्या दिसणाऱ्या बुरशी बहुतेक क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, ॲस्परजिलस अशा वेगळ्या जातींच्या असतात. भिंतीवर काळा डाग दिसला म्हणून घाबरून दवाखान्यात धावायची गरज नाही. मात्र घरात साखर आटोक्यात नसलेली व्यक्ती असेल तर तिला कोणत्याही बुरशीपासून लांब ठेवणं शहाणपणाचंच आहे.

मग आरोग्याला धोका नेमका काय?

बुरशीचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. काहींना शिंका, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं, कोरडा खोकला होतो. दमा असलेल्यांचा दमा उसळतो, आणि खरी काळजी त्यांची आहे. दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलसच्या ॲलर्जीने फुप्फुसाच्या नळ्यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. पंप घेऊनही दमा आवरत नसेल, खोकल्यातून तपकिरी घट्ट बेडका पडत असेल, तर घरात ओल आहे हे छातीच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. बहुतेक पेशंट औषधांबद्दल सगळं सांगतात आणि भिंतीबद्दल काहीच बोलत नाहीत.

एक खूण लक्षात ठेवा: चार दिवस गावाला गेल्यावर खोकला थांबतो आणि घरी परतल्यावर दोन दिवसांत सुरू होतो. असं दोन-तीनदा झालं तर घराकडे संशयाने बघा.

दमेकरी, तान्ही बाळं, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी सफाई करायची नाही. सफाई चालू असताना त्या घरात थांबायचंही नाही.

कोणती बुरशी आहे हे प्रयोगशाळेत तपासून घ्यावं का?

घरासाठी शक्यतो नको. जात कुठलीही निघाली तरी करायचं तेच: ओल बंद करा, बुरशी काढा, जागा कोरडी ठेवा. रंगावरून विषारी-बिनविषारी ठरवता येत नाही. तपासणीचे पैसे गळती शोधण्यावर घाला.

स्वतः साफ करायची असेल तर कशी करावी?

डाग सगळे मिळून साधारण तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असतील तर घरी करता येतं. त्याहून मोठा पसारा, पीओपीच्या छतावर बुरशी, सांडपाण्याने भिजलेली भिंत किंवा एसीच्या डक्टमधली बुरशी असेल तर जाणकार माणूस बोलवा.

आधी तयारी. एन-९५ मास्क घाला. कापडी किंवा सर्जिकल मास्कच्या कडेने हवा आत शिरते, तो इथे पुरत नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, बाजूने बंद असलेला चष्मा आणि नंतर लगेच धुता येतील असे पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला. खोलीतले अंथरूण-पांघरूण आणि मुलांची खेळणी बाहेर काढा. आतलं दार बंद, बाहेरची खिडकी उघडी, आणि छताचा पंखा बंद. हे पंख्याचं लोक विसरतात. पंख्याखाली बुरशी घासली की बीजाणू घरभर पसरतात.

कोरड्या ब्रशने कधीच घासू नका. आधी फवाऱ्याने साबणाचं पाणी मारून डाग ओला करा, पाच मिनिटं थांबा, मग फडक्याने बाहेरून आत, मध्याकडे पुसत या. भांड्यांचा किंवा कपड्यांचा साधा साबण चालतो. फडकं बादलीत पुन्हा पुन्हा बुडवून तेच वापरण्यापेक्षा जुन्या बनियनचे तुकडे करून ठेवा आणि प्रत्येक तुकडा वापरून थेट पिशवीत टाका. पिशवीचं तोंड बांधूनच ती बाहेर न्या. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आणि आता मात्र टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून दिवसभर चालू ठेवा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा, स्वतः आंघोळ करा.

दोन सावधगिरी जुन्या इमारतींसाठी. ऑइल पेंटचे जुने थर पॉलिश पेपरने कोरडे घासू नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं बरंच असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. तसंच सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक बारीक तंतू असतात. त्यावरचं शेवाळ-बुरशी तारेच्या ब्रशने खरवडू नका.

ब्लीच वापरावं की व्हिनेगर?

बहुतेक ठिकाणी साबण-पाणी आणि नंतर नीट सुकवणं पुरतं. टाइल्स, काच, प्लास्टिक अशा पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावर डाग उरलाच तर ब्लीच चालेल. एक लिटर पाण्यात ६० मिलीच्या आसपास घरगुती द्रव ब्लीच घाला, त्याहून जास्त नको. दहा मिनिटं ठेवून धुवा. गिलावा, लाकूड, प्लाय यांवर ब्लीच फारसं कामाचं नाही. वरचा रंग उडतो, आत मुरलेली बुरशी राहते, आणि ब्लीचमधलं पाणी भिंतीत जिरतं ते वेगळंच.

यापुढचं वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. आपल्याकडची संडास साफ करायची बहुतेक द्रावणं हायड्रोक्लोरिक ॲसिडची असतात, बाथरूमच्या टाइल्ससाठी मिळणारं ॲसिडही तसंच. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर मिसळलं तरी तेच. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणाशी गाठ पडली की क्लोरामाइन. चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये, खाली वाकून घासत असताना हा वायू थेट छातीत जातो. आधी एकाने धुतलं आणि चांगलं पाणी ओतलं नाही, मग दुसऱ्याने दुसरं ओतलं, तरीही हे घडतं. घसा जळजळला, डोळ्यांतून पाणी आलं, श्वास कोंडला तर सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत या, डोळे वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि श्वासाचा त्रास टिकला तर लगेच दवाखाना गाठा.

व्हिनेगर सौम्य आहे, काही बुरशींवर चालतं, काहींवर नाही. पण कडप्प्याच्या ओट्यावर आणि शहाबादी फरशीवर ते लावू नका. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आंबट लागलं की त्यांची झिलई जाते आणि दगड खरबरीत होतो. संगमरवराचंही तेच.

बुरशीरोधक रंग दिला तर प्रश्न सुटेल ना?

कोरड्या भिंतीवर दिला तर त्याचा उपयोग आहे. ओल्या भिंतीवर कुठलाही रंग टिकत नाही. त्यात तो रंग प्लास्टिकसारखा थर धरणारा असला तर पाणी आत कोंडतं आणि पुट्टीसकट पापुद्रा सुटतो. रंगकामाची योग्य वेळ म्हणजे ऑक्टोबरचं ऊन चांगलं तापल्यानंतर, आणि तेही वरची प्लास्टिकची चाचणी कोरडी आल्यावर. दिवाळी जवळ आली म्हणून सप्टेंबरअखेर घाईने उरकलेला रंग पुढच्या श्रावणापर्यंत टिकला तर नशीब. जुन्या चिऱ्याच्या किंवा विटांच्या घराला मी तरी चुन्याचा हात सुचवेन. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, बुरशीला तो मानवत नाही, आणि भिंतीतली ओल बाहेर पडायला वाव राहतो. चुना भिजवताना आणि लावताना डोळे मात्र जपा.

पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद?

वाफ निघते तेव्हा उघड्या. एरवी बाहेर काय आहे ते बघून. जुलैत बाहेरची आर्द्रता ८५-९० टक्के असताना दिवसभर खिडकी उघडी ठेवून भिंत सुकत नाही. उघडीप मिळाली, ऊन पडलं की समोरासमोरच्या खिडक्या अर्धा-एक तास सताड उघडा, कपाटांची दारंही उघडा. स्वयंपाक आणि आंघोळ झाल्यावर एक्झॉस्ट पंखा आणखी पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या. कपडे एकाच खोलीत, दार लावून, पंख्याखाली, बाहेरच्या खिडकीजवळ वाळवा.

हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर काहीशे रुपयांना मिळतो, तो जरूर घ्या. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली तर बुरशीला वाढणं कठीण जातं. भर पावसात यंत्राशिवाय अख्खं घर तिथे आणणं शक्य नाही, म्हणून निदान दमेकरी झोपतो ती खोली धरा. तिथे एसीचा ड्राय मोड किंवा हवेतली ओल ओढून घेणारा डिह्युमिडिफायर लावा. एसी १८-२० वर ठेवू नका. भिंत इतकी गार होते की पलीकडच्या खोलीतल्या दमट हवेचं पाणी तिच्यावर जमतं. एसीची जाळी पावसाळ्यात दर पंधरवड्याला धुवा.

पैठण्या, चपला, पुस्तकं यांचं काय?

कपाट भिंतीपासून निदान चार बोटं पुढे ओढा, ही पहिली गोष्ट. रेशमावर बुरशीचे ठिपके दिसले तर पाणी लावू नका. सावलीत, हवेवर पसरून सुकवा, गॅलरीत मऊ ब्रशने हलक्या हाताने झटका (मास्क लावूनच) आणि डाग उरला तर ड्रायक्लीनरकडे द्या. जरीची साडी कडक उन्हात नको. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि दर पावसाळ्यानंतर घडी बदला.

डांबरगोळ्यांनी कसर मरते, बुरशी थांबत नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या अजिबात ठेवू नका. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ती कमतरता घरच्यांना बहुधा माहीतच नसते.

कोल्हापुरी चप्पल भिजली तर वर्तमानपत्र लावून सावलीत सुकवा, चुलीजवळ किंवा हीटरसमोर नाही. पाणी ओढून घेणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात चांगले चालतात, पण त्यात जमणारं पाणी चामड्यावर सांडलं तर चामडं खराब होतं आणि मुलांच्या हाती ते लागता कामा नये.

पुराचं पाणी घरात शिरलं होतं. आता काय?

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड इथल्या हजारो घरांवर ही वेळ आली. मेन स्विच बंद असल्याची खात्री आणि गमबूट-हातमोजे याआधी पाऊल टाकू नका. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) भीती असते. पुढचे २४ ते ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर ओल्या वस्तूंवर बुरशी धरायला लागते. गाद्या, उश्या, सोफ्याचा फोम, फुगलेला प्लाय वाचवण्याचा प्रयत्न करू नका. जीव तुटतो, पण ते टाकूनच द्यावं लागतं. नुकसानीचे फोटो पंचनाम्यासाठी आधी काढा. स्टील, काच, प्लास्टिक, अस्सल सागवान धुऊन-सुकवून वापरता येतं.

वरच्या फ्लॅटमधून गळतंय. खर्च कुणाचा?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या मॉडेल उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याची, गच्चीची आणि बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. एखाद्या फ्लॅटच्या संडास-बाथरूम किंवा सिंकमधून होणारी गळती त्या सदस्याने. लेखी अर्ज करा, तारखेसह फोटो जोडा, पोच घ्या. दुरुस्ती होईपर्यंत आपल्या बाजूने रंग देऊ नका. पैसेही जातील आणि पुरावाही.

शेंगदाण्यावर किंवा खोबऱ्यावर बुरशी आली तर तेवढा भाग काढून बाकीचं वापरलं तर?

नाही. शेंगदाणे, मका, सुकं खोबरं, लाल मिरची यांवर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृतावर हल्ला करतं आणि भाजून, तळून, शिजवून जात नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. सुरकुतलेले, काळे-हिरवे पडलेले, कडवट दाणे वेचून फेका. वाटीभर दाण्यांत बरेच तसे असतील तर सगळेच फेका. ती कूट करून चटणीत ढकलायची वस्तू नव्हे, आणि गाईगुरांनाही घालू नका, विषाचा अंश दुधात उतरतो. ब्रेड, पोळी, शिजलेलं अन्न, गूळ यांवर एक ठिपका दिसला तरी तंतू आतवर गेलेले असतात.

घरकामाला येणाऱ्या ताईंना सफाई सांगितली तर चालेल का?

सांगण्याआधी त्यांना दमा, सततचा खोकला किंवा गरोदरपण नाही ना, हे विचारा. असेल तर हे काम त्यांना सांगायचंच नाही. नसेल तर एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा तुम्ही द्या आणि मास्क नीट बसलाय का ते स्वतः बघा. हे रोजच्या कामात धरू नका, वेगळे पैसे ठरवा. बाटल्यांवरची लेबलं इंग्रजीत असतात, म्हणून कोणतं द्रावण कशाला आणि कोणती दोन कधी एकत्र आणायची नाहीत हे तोंडी नीट समजावून सांगा. ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकाच कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवलेलं असेल तर आजच त्यातलं एक दुसरीकडे हलवा.